शेवटपर्यंत मूळ

ही संख्या आधी लिहून ठेवतो, कारण हल्ली ती माझ्या डोक्यात पूर्ण टिकत नाही. ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. आज सकाळी आंघोळ करताना म्हणून पाहिली, तर शेवटी तीन एकदा आहे की दोनदा यावरच अडकलो. तसाच बाहेर येऊन बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "दोनदा. अंग पूस आधी, पानी गळून राह्यलं."

या संख्येपायी माझ्या आत्यावर पन्नासेक वर्षं एक आळ राहिला. आळ खोटा होता, आणि तो खोटा आहे हे ठाऊक असलेला माणूस घरात एकच होता, मी. तेवढं सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलो. पण बसल्यावर लक्षात येतंय की त्यातलं सगळं माझं मलाही नीट उलगडलेलं नाही. जे ठाऊक आहे ते सांगतो. जे ठाऊक नाही तिथे तसं म्हणतो.

मी अमरावतीला कॉलेजात होतो. एका प्राध्यापकांनी तास संपता संपता ही संख्या फळ्यावर लिहिली आणि विचारलं, हिच्यात काय विशेष आहे? कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी शेवटचा तीन पुसला. मग त्याच्या आधीचा तीन. मग एक. असं करत करत फळ्यावर नुसता सात उरला. म्हणाले, "प्रत्येक वेळी जे उरलं ते मूळ संख्या होतं."

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती. सात मूळ आहे. त्र्याहत्तर मूळ आहे. सातशे एकोणचाळीस, सात हजार तीनशे त्र्याण्णव, असं वाढत वाढत आठ अंकांपर्यंत सगळ्या मूळ. आणि तिथे वाट संपते. पुढे कोणताही अंक जोडा, संख्या मोडते. एक किंवा सात जोडला तर तीननेच भाग जातो, अंकांची बेरीज केली की दिसतं. तीन किंवा नऊ जोडला तर मात्र भाजक शोधत बसावं लागतं, पण तो असतो. या जातीच्या संख्यांमध्ये हिच्याहून मोठी नाही, असं प्राध्यापक म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कामरगावला घरी आलो आणि हे धाकट्या बहिणीला सांगितलं. तिने त्याच वर्षी मॅट्रिकची परीक्षा दिली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर म्हनते म्हनून मूळ काय? आपन पाहू ना भागून."

मी हसलो. आठ अंकी संख्येला किती भाजक लावून पाहायचे? तिने हिशोब केला. ज्या संख्येचा वर्ग हिच्या पुढे जातो तिथपर्यंतच जायचं, म्हणजे आठ हजार सहाशेच्या आत. आणि त्यातल्याही फक्त मूळ संख्या घ्यायच्या. त्या आधी शोधायला हव्या. कापूस विकला गेला होता, कापसाची खोली रिकामी होती. तिने कोळसा घेतला आणि तिथल्या पांढऱ्या भिंतीवर एकापुढे एक विषम संख्या लिहीत सुटली. मग तीनच्या पटीतल्या खोडल्या, पाचच्या खोडल्या, सातच्या खोडल्या. पिठाची चाळणी धरावी तसं चाललं होतं. उरल्या त्या मूळ, हजारावर होत्या.

बाबा बैलांना पाणी दाखवून आले आणि खोलीत डोकावले. "या भितीले देवी आल्या का वो?"

भागाकार पाटीवर व्हायचे. एक झाला की ओल्या चिंधीने पुसायचा आणि भिंतीवरच्या त्या संख्येखाली एक टिंब द्यायचं. सुरुवातीला आम्ही वाटून घेतलं होतं. नंतर मी मित्रांकडे जाऊ लागलो, आंब्याच्या दिवसांत शेतावर झोपायला जाऊ लागलो, आणि टिंबं तिचीच पडत गेली. एक दिवस तिने मला हाक मारून सांगितलं, "दादा, गंमत पाह्य. एकोनचाळीस म्हंजे तीन तेरे. एकशे तेहेतीस म्हंजे सात एकोनीस. सात सोडला त संख्येच्या नावातला एकेक तुकडा मोडते. पुरी संख्या मोडत नाई." इतकी वर्षं गणित शिकवलं, पण हे पुस्तकात मला कधी सापडलं नाही. कदाचित ही मराठीत बोलणाऱ्यालाच दिसणारी गोष्ट असेल.

त्याच उन्हाळ्यात आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आसेगावला जाऊन आत्याला घेऊन आलो होतो. आत्या बाबांची सगळ्यांत धाकटी बहीण. आमच्याकडे लेकीला सासरहून माहेरी आणायला जो माणूस जातो त्याला जुने लोक मूळ म्हणत. मूळ धाडलं, मूळ आलं, असं बोलत. मी थोडा मोठा झाल्यापासून ते काम माझ्याकडेच होतं. आत्या खोलीत आली, भिंत पाहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे काय होय वो बाप्पा?"

मी म्हणालो, "मूळ शोधून राह्यलो, आत्या."

"मूळ त तूच आल्ता मले घ्याले," आत्या म्हणाली. "आता आजून कोन्तं शोधतं?"

ती आणि बहीण, दोघी खूप हसल्या. मीही.

पावसाळ्याआधी शेवटचं टिंब पडलं. संख्या मूळ होती. दिवाळीला आईने भिंत चुन्याने रंगवून घेतली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आत्यानेच बहिणीसाठी इंझोरीचं स्थळ आणलं. आत्याच्या सासरकडून त्यांची ओळख होती. जमीन बरी होती, मुलगा शिकत होता. पाहायला मुलाचे वडील, काका आणि आजी आली. मुलगा आला नव्हता. आई आणि आत्या स्वयंपाकघरात, बहीण आत लुगडं बदलत होती. बाबांच्या ऐन वेळी लक्षात आलं की पानं आणायची राहिली, म्हणून ते दुकानात गेले. बैठकीत आमच्या बाजूचा मी एकटा.

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी मॅट्रिक हाय म्हंता. हिशोब-गिशोब येते काय?"

त्या वयात मला कॉलेजात शिकतो हे दाखवायची फार हौस होती, पुस्तकी बोलायची तर जास्तच. मी म्हणालो, "हिशोब काय घेऊन बसलात काका. तिची संख्या विचारा. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. मूळ आहे. मागून एकेक काढत जा, तरी मूळच. शेवटपर्यंत मूळ."

आजी दाराजवळच्या खाटेवर बसली होती. कानाने कमी. तिने पुढे वाकून विचारलं, "काय म्हंते थो? कोन मूळ?"

मुलाचा काका विनोदी माणूस होता. तो मोठ्याने म्हणाला, "पोरगी! पुरी मुळाची हाय म्हंते, डोक्सापासून शेपटापावतर!"

मुलाचे वडील हसले. मीही हसलो. आजी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "खरं काय रे बापू?"

मी म्हणालो, "हाव आजी. एकदम पक्कं. मी स्वतः तपासलं."

इतकंच. बाबा पानं घेऊन आले, बहीण चहा घेऊन आली, तिला नाव विचारलं, पाण्याचा तांब्या आणायला सांगून चालवून पाहिलं. माणसं गोड बोलून गेली.

थोड्या दिवसांनी बाजारच्या दिवशी कोणाकरवी निरोप आला. मुळाची पोरगी आमच्या घरी चालणार नाही.

मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या जिवाला वाईट, असं तेव्हा सगळेच मानत. आजही मानणारे कमी नाहीत. आम्ही बुचकळ्यात पडलो, कारण बहिणीचं नक्षत्र आमच्याच घरात कोणाला ठाऊक नव्हतं. पत्रिका केलेली नव्हती. जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली तीच. आईला एवढंच आठवत होतं की ज्वारी खळ्यात आली होती. म्हणजे ती मुळावर जन्मली हे खरं ठरवता येत नव्हतं आणि खोटंही ठरवता येत नव्हतं. मग इंझोरीच्या लोकांना हे सुचलं कुठून? आमच्या घरातलं तिथे बोलणारं माणूस एकच, आत्या.

बाबा आसेगावला गेले आणि तिच्या दारात उभं राहून भांडून आले. परत आल्यावर जेवताना आईला सांगत होते. आत्या रडत म्हणाली होती, "दादा, म्या असं काहीच नाई सांगतलं."

"मंग काय त्यायच्या सपनात आलं?" असं बाबांनी तिला विचारलं होतं. आईकडे वळून म्हणाले, "आता तिचं नाव या घरात काढू नका."

मी समोरच बसलो होतो. तोपर्यंत मला कळलं होतं. हातात भाकरी होती. मी एक तुकडा मोडला, तो खाल्ला, आणि दुसरा मोडला.

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? बाबांनी एक थोबाडीत दिली असती, इंझोरीला जाऊन हसत खुलासा करून आले असते, स्थळ कदाचित जुळलं असतं. हे मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलं आहे. दोन दिवस थांबू, बाबा शांत झाले की सांगू, असं ठरवलं. मग सुट्टी संपून अमरावतीला गेलो. पत्रात लिहीन म्हटलं. पत्रात असलं लिहिता येत नाही म्हटलं. पुढच्या आखजीला मूळ गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. माझ्या लग्नात आत्याला बोलावणं नव्हतं. बहिणीची आणखी दोन-तीन स्थळं याच कारणाने फिरली, कारण अशी गोष्ट इंझोरीहून निघाली की आमच्या सगळ्या गावांतून फिरते. मग तिने डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत लागली, आणि लग्नाचा विषय बंद झाला. आत्याचं नाव निघालं की ती एकच वाक्य म्हणायची, "तिच्या जिभेनं केलं." आकड्यांचं तिने पुन्हा नाव काढलं नाही, निदान माझ्यासमोर.

मी शिक्षक झालो. दर वर्षी मूळ संख्यांचा पाठ यायचा. पुस्तकात मूळ संख्या असा शब्द होता, मी वर्गात अविभाज्य संख्या म्हणायचो. तोही बरोबरच शब्द आहे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, पुस्तकातला शब्द का नाही वापरत?" मी म्हणालो, मुलांना अर्थ कळावा म्हणून. ते खूश झाले.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजही सुटलेली नाही. आजीने "खरं काय रे बापू" असं विचारलं तेव्हा ती कशाबद्दल विचारत होती, हे मला त्या क्षणी कळलं होतं का? कधी वाटतं, मुळीच नाही. माझ्या डोक्यात संख्याच होती. कधी तिचा चेहरा आठवतो. तो हसत नव्हता. आठ अंकी संख्येची त्या बाईला कशाला एवढी काळजी असेल? मग वाटतं, कळलं होतं, पण समोरचे हसत होते आणि मला तो हशा मोडायचा नव्हता. दोन्ही आठवणी सारख्याच खऱ्या वाटतात. कोणती आधीची आणि कोणती मी मागाहून जोडली, तेही कळत नाही.

आता अलीकडचं. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघं भाऊ-बहीण कामरगावच्या घरात राहतो. पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागच्या दोन तिच्या. या चैत्रात आत्याच्या नातवाचा फोन आला. आत्या नव्वदीच्या आसपास असेल. तो म्हणाला, "मामा, आजी जेवून नाई राह्यली. माह्या माहेराच्या पोरीले पाहू द्या म्हनते. एक डाव या."

मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "तू जा. माही कोन थे?"

दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. ती पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी नातू काही मागत नव्हता, नुसतं "बरं, ठीक हाय मामा" म्हणाला. मी फोन ठेवला. त्या दुपारी का कोण जाणे, मी मोबाइलमध्ये ती संख्या टाकली आणि मूळ आहे का विचारलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. मूळ आहे. बहिणीचा अख्खा उन्हाळा. मी मोबाइल उलटा ठेवला आणि मागच्या खोलीत गेलो.

ती पीठ चाळत बसली होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. बाबा पानं आणायला गेले तिथपासून.

"थांब," ती म्हणाली. "तू नेमकं काय म्हनला थे सांग. शब्द न शब्द."

सांगितलं.

"मागून काढत जा म्हनला?"

"हाव."

"अन् बुढीनं विचारलं तवा?"

"हाव म्हटलं. पक्कं आहे म्हटलं. मी स्वतः तपासलं म्हटलं."

तिने चाळणी थांबवली. "तू तपासलं?"

मी उंबऱ्यावर सांडलेलं पीठ बोटाने पुसू लागलो.

"भितीवर कोन लिहलं? पाटी कोनाची होती? हजाराच्या पुढं त तू हातबी नाई लावला! आंबे खात फिरत होता दिवसभर!"

ती आधी त्यावरच चिडली. मला वाटलं, मी काय सांगतोय ते तिला समजलंच नाही. मग चाळणी पुन्हा हलू लागली. तिच्यात पीठ उरलं नव्हतं, नुसता कोंडा होता, तरी हलत होती.

"आत्याच्या मालकाच्या मातीले आपन गेलतो," ती म्हणाली. "आठवते? आत्यानं मले पानी देल्लं. म्या तांब्या तसाच खाली ठेवला. तिच्यापुढं. त्या दिवशी."

मला आठवत होतं. तेव्हाही मी शेजारीच उभा होतो.

"तुले माहीत होतं काय, बुढी कायचं विचारून राह्यली थे?"

"मला सांगता येत नाही."

"पन्नास वर्षं झाले."

"नाहीच सांगता येत, बाई."

"पोराईले त सांगत होता, बाकी लिहल्याबिगर गनित सोडू नका म्हनून," ती म्हणाली आणि उठली. पदराला लागलेलं पीठ झटकलं. "उद्या पयल्या गाडीनं जाऊ. तू सांगायचं आत्याले. मी नाई सांगनार. जसं मले सांगतलं तसंच, शब्द न शब्द."

आधी कारंजा, तिथून मंगरूळपीर, तिथून आसेगाव. उन्हाचे दिवस, गाडी लवकर तापली. बहीण खिडकीजवळ बसली होती आणि माझ्याशी बोलत नव्हती. मी काय बोलायचं याची उजळणी करत होतो, आणि त्यात संख्याच विसरलो. सात आठवला, त्र्याहत्तर आठवले, सातशे एकोणचाळीस आठवले. पुढे ओठ हलेनात. बहिणीने खिडकीबाहेर पाहत विचारलं, "काय पुटपुटतं?"

"सातशे एकोणचाळीसच्या पुढे काय?"

वाटलं, उत्तर देणार नाही. पण तिने एकामागून एक सांगितल्या. सात हजार तीनशे त्र्याण्णव. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. शेवटी सात कोटीपर्यंत, न अडखळता. पुढच्या बाकावरचा माणूस वळून पाहू लागला. त्याला जमिनीचा भाव वाटला असेल.

आत्या खाटेवर होती. इतकी लहान झाली होती की आधी मला नुसती गोधडीच दिसली. तिची सून कोपऱ्यात उभी राहिली, नातू दारात. बहीण पायथ्याशी बसली. मी उशाशी गेलो आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणालो, "आत्या, मी आलो. कामरगावचा. तुला एक सांगायचं आहे. पाहुणे आले होते त्या दिवशी मी मूळ म्हणालो होतो—"

आत्याने डोळे उघडले.

"मूळ?"

"हाव आत्या. मूळ. पण ते संख्येचं—"

"मूळ आलं?" ती म्हणाली. हाताने चाचपडत तिने माझी बाही पकडली. "दादानं धाडलं?"

बाबांना जाऊन किती वर्षं झाली. मी तिच्या सुनेकडे पाहिलं. सून तोंडाला पदर लावून उभी होती.

"अवो, माही पिसवी भर," आत्या तिला म्हणाली. "हिरवं लुगडं घे. मूळ आलं माहेराहून. मी म्हनत होती ना, येईन म्हनून?"

"आत्या, आधी ऐक," मी म्हणालो. "त्या इंझोरीच्या लोकांना तू काही सांगितलं नव्हतं. मी—"

बहिणीने माझं मनगट धरलं. शब्द न शब्द सांगायला लावणारी तीच. ती पुढे सरकली आणि आत्याच्या तळव्यांवर हात ठेवून म्हणाली, "हाव आत्या. मूळ आलं. मीबी आली संगं. चालतं ना?"

"चालते ना वो," आत्या म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "पोरीले पानी दे. उन्हाची आली."

सुनेने तांब्या आणला. बहिणीने तो तिथेच, आत्याच्या समोर, सगळा रिकामा केला.

त्यानंतर आत्याने वाटीभर ताक-कण्या खाल्ल्या. डॉक्टरांना फोन झाला, ते म्हणाले, जेवत असेल तर न्या. नातवाने गाडी काढली. आत्या पुढच्या सीटवर, मागे उशी. रस्ताभर ती बाहेर पाहत होती आणि मधूनच विचारत होती, गाडीचे बैल कोणाचे.

आता ती बहिणीच्या खोलीत आहे. कण्या खाते, ताक पिते, थोडं थोडं. मी दोनदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मूळ हा शब्द ऐकला की तिचा चेहरा उजळतो आणि ती म्हणते, "आलं ना मूळ. किती डाव सांगतं?" एकदा मी मूळ शब्द टाळून सांगून पाहिलं. बाबा तिच्या दारात येऊन भांडले होते, आठवतं का? ती गोंधळली. "दादा? दादा माह्याशी कायले भांडन?" तेव्हा बहिणीने मला बाहेर बोलावलं. म्हणाली, "तिच्यापाशी थे भांडनच राह्यलं नाई. माफी मागाची त आधी तुले तिले थे भांडन परत द्या लागन."

आत्याला लहानपण आठवतं, आमचं अंगण आठवतं, बाबांचा आवाज आठवतो. मागचं मागचं गळून गेलंय. पुसत पुसत नुसता सात उरला होता तो फळा मला सारखा आठवतो. पण तिच्यावरचा आळ तिने पुसला म्हणून माझ्याकडून पुसला गेला, असं मला धरता येत नाही. तिच्या मुलांना, सुनांना तो आठवतो. नातवंडं त्या घरात तो ऐकतच मोठी झाली.

परवा जेवताना आत्याने बहिणीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुह्ये मालक नाई आले काय वो?"

बहिणीने तिच्या ताटात आणखी थोडं ताक ओतलं आणि म्हणाली, "त्याईले सुट्टी नाई, आत्या."

"असं होय," आत्या म्हणाली. "नोकरीचा मानूस."

आखजी झाली की तिला परत नेऊन सोडायचं आहे. ज्याने आणलं त्यानेच पोचवायचं ही रीत, आणि आत्याला ती पक्की आठवते. रोज एकदा तरी विचारते, "मले सोडाले तूच येशीन ना?" मी हो म्हणतो. तिथे तिला आत खाटेवर निजवलं की मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांना ओसरीवर बसवून मी हे वाचून दाखवणार आहे. आत्या ऐकेल की नाही, आणि तिने ऐकावं असं मला वाटतं की नाही, हे ठरत नाही. बहीण म्हणते, हळू वाच, आतमधे नको जाऊ देऊ. काल तिने ही पानं वाचली आणि एकाच जागी हात लावला. तिला विचारून घेऊनही मी संख्या अंकांत लिहिताना शेवटचा तीन सोडून दिला होता. तिने तो घातला. मी म्हणालो, नसता घातला तरी चाललं असतं, तरीही ती मूळच आहे.

"थे मले नको सांगू," ती म्हणाली. "पुरी लिह्य."